नायिका हिचकॉक यांच्या, अभिनय कोणाचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटांतील नायिकांवर जो सचित्र लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. रहस्यपटांच्या या दिग्दर्शकाविषयी मराठीत वरचेवर लिहिले जाते, परंतु त्यांच्या पडद्यावर वावरलेल्या स्त्रियांच्या वाट्याला स्वतंत्र पान क्वचितच येते. त्याबद्दल आधी आपले आभार मानतो. माझी तक्रार आहे ती लेखाच्या मांडणीविषयी. ग्रेस केली, किम नोव्हाक, ईव्हा मेरी सेंट, जॅनेट ली आणि टिपी हेड्रन या पाच जणींची छायाचित्रे एका ओळीत लावून, सोनेरी केसांची, वरून थंड आणि आतून धगधगणारी अशी एकच स्त्री हिचकॉक यांनी आयुष्यभर निरनिराळ्या चेहऱ्यांतून घडवली, असा निष्कर्ष लेखात काढला आहे. हा निष्कर्ष नवा नाही, आणि खुद्द हिचकॉक यांनीच मुलाखतींमधून तो रुजवला होता. मात्र चित्रपट समोर ठेवून पाहिले तर तो लंगडा पडतो, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष कॅमेऱ्यापुढे उभे राहून काम केले, त्यांच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही.

पहिली गोष्ट काळाची. हिचकॉक यांचे दिग्दर्शन १९२५ च्या सुमारास सुरू झाले आणि त्यांचा शेवटचा चित्रपट १९७६ मध्ये आला. या पन्नास वर्षांतील पन्नासहून अधिक चित्रपटांपैकी, लेखातील पाचही अभिनेत्रींचे हिचकॉकपट १९५४ ते १९६४ या एका दशकातले आहेत. त्याआधीच्या 'द लेडी व्हॅनिशेस'मधील मार्गारेट लॉकवूड काळ्याभोर केसांच्या होत्या, 'सॅबोटाज'मधील सिल्व्हिया सिडनीही तशाच. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मधील रूथ रोमन यांनाही त्या साच्यात बसवता येत नाही. शर्ली मॅक्लेन यांचे चित्रपटातील पदार्पणच हिचकॉक यांच्या 'द ट्रबल विथ हॅरी'मध्ये १९५५ साली झाले, आणि त्यांच्या खट्याळ, मोकळ्याढाकळ्या वावरात थंडपणा औषधालाही सापडत नाही. एका दशकावरून अर्ध्या शतकाचे अनुमान काढताना या सगळ्या जणी वगळाव्या लागतात, आणि लेखात त्या वगळल्या गेल्या आहेत.

बोलपटाच्या आरंभीचा एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. १९२९ चा 'ब्लॅकमेल' मूकपट म्हणून सुरू झाला आणि मध्येच त्याला आवाज देण्याचे ठरले. नायिका ॲनी ओंड्रा यांचे बालपण प्रागमध्ये गेले होते आणि त्यांच्या इंग्रजीवर त्याची दाट छाप होती. लंडनच्या दुकानदाराची मुलगी म्हणून ते उच्चार चालले नसते. नंतर आवाज भरण्याचे तंत्र त्या वेळी हाताशी नव्हते. म्हणून जोन बॅरी ही दुसरी अभिनेत्री चौकटीबाहेर ध्वनिग्राहकापुढे उभी राहून संवाद म्हणत असे आणि त्याच क्षणी ओंड्रा कॅमेऱ्यापुढे ओठ हलवत असत. हातून खून झाल्यावर शेजारणीच्या बडबडीतला 'सुरी' हा एकच शब्द त्या मुलीच्या कानावर आदळत राहतो, तो प्रसंग ध्वनीच्या कल्पक वापरासाठी आजही चित्रपटाच्या वर्गांत दाखवला जातो आणि त्याचे श्रेय दिग्दर्शकाला दिले जाते. ते योग्यच आहे. पण एका देहात दोघींनी मिळून भूमिका उभी केली, त्यातील बॅरी यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते, हेही त्यासोबत सांगितले गेले पाहिजे.

'द थर्टी-नाइन स्टेप्स'मधील मॅडलिन कॅरल यांचा उल्लेख लेखात 'पहिली थंड सुंदरी' असा एका ओळीत आटोपला आहे. त्यांच्याविषयी दोन वाक्ये अधिक हवी होती. लंडनवरील बाँबहल्ल्यात बहिणीचा मृत्यू झाल्यानंतर, हॉलिवूडमध्ये जम बसलेला असताना, त्यांनी चित्रपट बाजूला ठेवले आणि इटलीतील फोज्जा येथे लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली.

आता अभिनयाकडे येतो. हिचकॉक यांच्या चित्रपटातील अभिनयासाठी आजवर एकच ऑस्कर दिले गेले आहे आणि ते मिळवले जोन फाँटेन यांनी, १९४१ च्या 'सस्पिशन'साठी. त्याच वर्षीच्या नामांकनांत त्यांच्या सख्ख्या बहिणीचे, ऑलिव्हिया डी हॅविलँड यांचेही नाव होते. तरीही माझ्या मते फाँटेन यांचे अधिक मोठे काम आदल्या वर्षीच्या 'रेबेका'मध्ये आहे. तिथे नायिकेला स्वतःचे नावसुद्धा नाही; ती आहे एका मृत, देखण्या, सर्वांना धाकात ठेवणाऱ्या पहिल्या पत्नीच्या घरात आलेली बुजरी दुसरी बायको. टेबलावरची चिनी मातीची मूर्ती हातून फुटते तेव्हा ती घरची मालकीण असूनही तुकडे खणात लपवते. फाँटेन यांनी ही भूमिका खांद्यांतून केली आहे. खोलीत कोणी आले की खांदे किंचित आत वळतात, हात कुठे ठेवावेत हे कळत नाही, वाक्य अर्ध्यावर सोडून त्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. सेटवर कोणालाच तू नको आहेस, असे आपल्या मनावर बिंबवून हिचकॉक यांनी आपला आत्मविश्वास मुद्दाम खच्ची केला, असे फाँटेन यांनी पुढे सांगितले. त्यांचा हा बुजरेपणा दिग्दर्शकाच्या डावपेचांतून आला असे म्हणणारे समीक्षक आहेत. परंतु घाबरलेली माणसे सगळीकडे असतात, घाबरलेपणाचा चढता आलेख दोन तास सांभाळता येणाऱ्या अभिनेत्री फार थोड्या.

याच चित्रपटातील कारभारीण मिसेस डॅनव्हर्स ही भूमिका जुडिथ अँडरसन यांची. ही बाई चालताना जवळपास दिसतच नाही. नायिका वळते तेव्हा ती तिथे उभी असते. ही क्लृप्ती हिचकॉक यांची असली तरी रेबेकाच्या कपड्यांवरून हात फिरवताना आवाजात येणारा तो ओलावा अँडरसन यांचा आहे, आणि त्यांना त्यासाठी सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले होते. मराठी वाचकांना ही भूमिका अपरिचित नाही. बिरेन नाग यांनी १९६४ मध्ये याच कथेवरून 'कोहरा' काढला, तेव्हा वहिदा रेहमान यांच्यासमोर त्या कारभारणीच्या जागी ललिता पवार होत्या. चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने ज्यांचा डोळा कायमचा अधू झाला आणि तरी ज्यांनी त्यानंतर अनेक दशके काम केले, त्या ललिताबाईंना त्या काळोख्या वाड्यात पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. लेखकाने ही जोडी घेतली असती तर पुरवणीचे ते पान खऱ्या अर्थाने आपले झाले असते.

हिचकॉक यांना स्वतःला अतिशय जवळचा वाटणारा 'शॅडो ऑफ अ डाऊट' हा १९४३ चा चित्रपट लेखात नाहीच. कॅलिफोर्नियातील सांता रोझा या शांत गावातली एक तरुणी, आपला लाडका मामा खुनी आहे हे हळूहळू ओळखते, अशी ती कथा. तेरेसा राइट यांनी ती तरुणी केली. घरात पाहुण्यांची गर्दी आहे, मामा पेला हातात घेऊन उभा आहे, आणि ही जिन्यावरून खाली येते. कठड्यावरून सरकत येणाऱ्या तिच्या हाताच्या बोटात एक अंगठी आहे, जी त्याच्या गुन्ह्याचा पुरावा आहे. संवाद एकही नाही. चेहऱ्यावर राग नाही, विजयही नाही. ज्याच्यावर जीव लावला त्याला हद्दपार करण्याचा निर्णय घेतलेल्या मुलीचा थकवा आहे. याच राइट यांनी निर्मात्याशी करार करताना, आपली पोहण्याच्या कपड्यांतील छायाचित्रे काढली जाणार नाहीत, अशी अट लेखी घालून घेतली होती. घडवली गेलेली बाहुली म्हणून त्यांच्याकडे पाहणे त्यामुळे जरा अवघडच आहे.

इंग्रिड बर्गमन यांनी हिचकॉक यांच्यासाठी तीन चित्रपट केले, त्यांतील १९४६ चा 'नटोरियस' हा मला त्या दिग्दर्शकाच्या साऱ्या कामात वरच्या स्थानी ठेवावासा वाटतो. उंच झुंबराजवळून निघालेला कॅमेरा मेजवानीच्या गर्दीवरून खाली उतरत नायिकेच्या मुठीतील एका छोट्या किल्लीवर येऊन थांबतो, या दृश्याचे वर्णन आपल्या लेखातही आहे. परंतु तो प्रवास ज्या हातावर संपतो त्या हाताच्या अस्वस्थ चाळ्याशिवाय ते दृश्य केवळ यंत्राची कसरत ठरले असते. तीन सेकंदांपेक्षा लांब चुंबनाला त्या काळच्या हॉलिवूड आचारसंहितेची मनाई होती, म्हणून बर्गमन आणि कॅरी ग्रँट एकमेकांना बिलगून, थांबत थांबत, मध्येच रात्रीच्या जेवणातल्या कोंबडीविषयी बोलत, खोलीतून फोनपर्यंत चालत जातात. चालायला अवघड वाटत होते, असे दोघांनीही बोलून दाखवले होते, पडद्यावर मात्र त्याचा मागमूस नाही. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याच सांगण्यावरून शत्रूशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा अपमान बर्गमन ज्या प्रकारे गिळतात, तो पाहिल्यावर 'वरून थंड' हे वर्णन कोणत्या चित्रपटाचे, असा प्रश्न पडतो. पुढे इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी यांच्याशी जुळलेल्या संबंधांवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्गमन यांच्यावर जाहीर टीका झाली आणि काही वर्षे त्यांना हॉलिवूड बंदच झाले. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉक यांचा जीवनगौरव केला, तेव्हा त्या समारंभाचे सूत्रसंचालन याच बर्गमन यांनी केले. 'नटोरियस'ची ती किल्ली आधी ग्रँट यांनी उचलून नेली होती, नंतर ती बर्गमन यांच्याकडे आली. त्यांनी ती त्या रात्री हिचकॉक यांच्या हाती दिली.

ग्रेस केली पुढे मोनॅकोच्या राजघराण्यात गेल्या, म्हणून त्यांच्याविषयी लेखात राजवाडा अधिक आणि चित्रपट कमी आहे, त्यामुळे एकच प्रसंग सांगतो. 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये मध्यरात्री फोन वाजतो आणि नायिका झोपेतून उठून तो घ्यायला येते. त्या दृश्यासाठी हिचकॉक यांनी मखमली झगा शिवून घेतला होता, कारण त्यावर पडणारा प्रकाश त्यांना हवा होता. घरात एकटी असलेली बाई रात्री फोन घ्यायला उठताना भारी झगा चढवत बसणार नाही, ती अंगावरच्या झोपण्याच्या कपड्यांतच उठेल, असे केली यांनी ठामपणे सांगितले, आणि हिचकॉक यांनी ते मानले. ज्यांनी तो खुनाच्या प्रयत्नाचा प्रसंग पाहिला आहे, त्यांना त्या साध्या कपड्यांमुळे ती स्त्री किती असहाय दिसते हे आठवत असेल. तेव्हा केली तेवीस वर्षांच्या होत्या. 'रिअर विंडो'मध्ये तर खुर्चीला खिळलेला नायक नुसता पाहत राहतो आणि समोरच्या इमारतीत शिरून धोका पत्करते ती केली यांची लिसा. रेशमी कपड्यांतली ही मुलगी लोखंडी जिना चढून खिडकीतून आत उडी घेते, तेव्हा नायकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तिच्याविषयी आदर उमटतो. तो आदर लेखकाच्या नजरेतून निसटला.

किम नोव्हाक यांच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण लेखात सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावर झाला आहे. (ज्यांनी 'व्हर्टिगो' पाहिलेला नाही त्यांनी पुढचा मजकूर तूर्त वाचू नये.) हा चित्रपट १९५८ चा. सॅन फ्रान्सिस्कोतील एक माजी पोलीस अधिकारी मित्राच्या पत्नीवर, मॅडलिनवर पाळत ठेवतो, तिच्या प्रेमात पडतो, आणि ती मनोऱ्यावरून पडून मेल्यावर भ्रमिष्टासारखा फिरत असताना त्याला तिच्यासारखी दिसणारी ज्युडी भेटते. मग तो ज्युडीचे कपडे, बूट, केसांचा रंग, केसांची गुंडाळी असे सगळे बदलायला लावून तिच्यातून मॅडलिन परत घडवू पाहतो. प्रेक्षकांना मात्र मध्येच कळते की मॅडलिन अशी कोणी त्याला भेटलीच नव्हती. ज्युडीनेच पैशांसाठी ते सोंग वठवले होते. म्हणजे नोव्हाक यांना एक मॅडलिन करायची होती, जी मुळात दुसऱ्या बाईचा अभिनय आहे. एक ज्युडी करायची होती, जी तो अभिनय लपवते आहे. आणि शेवटी अशी ज्युडी, जी प्रेमापोटी पुन्हा त्या खोट्या बाईच्या कपड्यांत शिरते. या तिन्ही पायऱ्यांवर नोव्हाक यांचा आवाज वेगळा आहे, चाल वेगळी आहे. मॅडलिन तरंगत चालते, ज्युडीची पावले जड पडतात. हॉटेलच्या खोलीत, खिडकीबाहेरच्या पाटीच्या हिरव्या उजेडात, ती पूर्ण 'तयार' होऊन बाहेर येते, त्या क्षणी तिच्या डोळ्यांत एकाच वेळी आशा आणि शरणागती आहे. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्या नजरेला नजर देणे कठीण जाते.

नोव्हाक यांना ही भूमिका कुठून समजली, याचे उत्तर त्यांच्याच आयुष्यात आहे. कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांना त्यांचे आडनावसुद्धा बदलायचे होते. ते त्यांनी हट्टाने टिकवले, पण केस, वजन, पोशाख यांवर स्टुडिओची हुकमत चालूच राहिली. दुसऱ्याच्या मनातल्या बाईसारखे दिसण्याचा ज्युडीचा त्रास आपल्याला आतून कळत होता, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. वेशभूषाकार एडिथ हेड यांनी शिवलेला तो प्रसिद्ध करडा सूट आणि काळे बूट त्यांना मुळीच पसंत नव्हते. हिचकॉक यांनी ते घालायलाच लावले. मग त्या कपड्यांतला अवघडलेपणा नोव्हाक यांनी मॅडलिनच्या ताठ पाठीत वापरून घेतला. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ मध्ये झालेल्या दीर्घ संवादात हिचकॉक नोव्हाक यांच्याविषयी कुरकुर करतात आणि त्रुफो त्यांची बाजू घेतात. काळाने त्रुफोंच्या बाजूने कौल दिला. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०१२ च्या पाहणीत जगभरच्या समीक्षकांनी 'व्हर्टिगो'ला पहिले स्थान दिले, २०२२ मध्ये तो दुसरा आला. नोव्हाक यांना मात्र या भूमिकेसाठी ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नव्हते. व्हेनिसच्या महोत्सवाने जीवनगौरवाचा सुवर्णसिंह त्यांना दिला तो २०२५ मध्ये, म्हणजे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी.

ईव्हा मेरी सेंट यांच्याबाबत मला लेखकाशी फारसे भांडायचे नाही. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधील त्यांचा वेश, आवाजाची पट्टी आणि हातांची स्थिरता हिचकॉक यांनी ठरवली होती, हे त्या स्वतःच हसत सांगत. तरीही चार वर्षे आधी 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ऑस्कर मिळवलेली ही अभिनेत्री कोऱ्या पाटीने तिथे आली नव्हती, एवढे लिहायला हरकत नव्हती.

जॅनेट ली यांचे नाव निघाले की 'सायको'तील न्हाणीघरातला खून आठवतो. तो चित्रित करायला सात दिवस लागले आणि पडद्यावर तो मिनिटभराहूनही कमी चालतो. त्यातील काही चित्रणांत मार्ली रेन्फ्रो या मॉडेलने लींची जागा घेतली होती. पण 'सायको'चा पहिला पाऊण तास लींनी एकटीने पेलला आहे. चाळीस हजार डॉलर चोरून गाडी चालवणारी मॅरियन मनातल्या मनात मालकाचे, गिऱ्हाइकाचे, मैत्रिणीचे बोलणे ऐकते आहे. कॅमेरा समोर, दोन्ही हात चाकावर, बाहेर काळोख आणि पाऊस. तोंडातून शब्द नाही, तरी कोणाचे बोलणे चालू आहे ते चेहऱ्यावरून वाचता येते, आणि एका वाक्यावर ओठांच्या कोपऱ्यात एक वाईटसे हसू उमटते. मॅरियनविषयी एवढी जवळीक निर्माण झाली नसती, तर तिच्या मृत्यूने १९६० च्या प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकली नसती. लींना यासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले आणि गोल्डन ग्लोब पुरस्कारही.

टिपी हेड्रन यांच्याबद्दल लेखात फक्त एवढेच आहे की हिचकॉक यांनी एका जाहिरातीत त्यांना पाहिले आणि 'घडवले'. हे अर्धे सांगणे झाले. १९६१ मध्ये त्या मॉडेलिंग करत होत्या, एकट्या आई होत्या, आणि अभिनयाचा अनुभव जवळजवळ नव्हता, हे खरे. १९६३ च्या 'द बर्ड्स'मध्ये माळ्यावरील हल्ल्याच्या दृश्यासाठी यांत्रिक पक्षी वापरले जातील असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पाच दिवस जिवंत पक्षी त्यांच्या अंगावर फेकले गेले, शेवटी तर काही पक्षी कपड्यांना बांधले गेले. एका पक्ष्याने डोळ्याजवळ इजा केली, त्या कोसळल्या आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. हिचकॉक यांनी आपल्या वागण्याबोलण्यावर पाळत ठेवली, 'मार्नी' या पुढच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात अंगचटीला येऊन अतिप्रसंग केला, आणि नकार दिल्यावर कराराच्या जोरावर अन्य कामांपासून अडवून धरले, असे हेड्रन यांनी २०१६ च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यातील काही भाग १९८३ च्या एका हिचकॉक-चरित्रात आधीच आला होता. हिचकॉक १९८० मध्येच निवर्तले होते, त्यामुळे त्यांची बाजू आपल्यासमोर नाही. आपला अनुभव तसा नव्हता, असे नोव्हाक आणि सेंट यांनी सांगितले आहे, आणि तेही नोंदवले पाहिजे. परंतु एकीचा चांगला अनुभव दुसरीच्या वाईट अनुभवाला खोटा ठरवत नाही. ज्या भाषेत हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' वाचले गेले, त्या भाषेतील वाचकांना अभिनेत्रीचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

यावर काही वाचक म्हणतील की मग हे चित्रपट पाहायचेच नाहीत का? मला तसे मुळीच वाटत नाही. 'मार्नी' पाहणे टाळले तर दिग्दर्शकाचे काही बिघडत नाही, हेड्रन यांचे काम मात्र पुसले जाते. पुरुषाच्या स्पर्शाने आक्रसणारी, लाल रंगाने घाबरणारी ती चोर मुलगी त्यांनी ज्या ताणाखाली उभी केली, तो ताण माहीत असताना ती पाहणे अधिक अस्वस्थ करणारे आहे, आणि ते तसेच असावे. हेड्रन यांचे आयुष्यही त्या दोन चित्रपटांपाशी थांबले नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील निर्वासितांच्या छावणीत व्हिएतनामहून आलेल्या स्त्रियांना नखे रंगवण्याचे शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली. अमेरिकेतील त्या व्यवसायात व्हिएतनामी स्त्रियांचे आज जे स्थान आहे, त्याचा एक उगम तिथे सांगितला जातो. सिंह आणि वाघांसाठीचे त्यांचे शांबाला अभयारण्य १९८३ पासूनचे आहे.

तरुण नायिकांच्या या चर्चेत आणखी एक गोष्ट सुटते. हिचकॉक यांच्या चित्रपटांत प्रौढ अभिनेत्रींना मिळालेल्या भूमिका हॉलिवूडच्या मानाने किती तरी भरीव आहेत. 'रिअर विंडो'तील परिचारिका स्टेला, म्हणजे थेल्मा रिटर, साऱ्या चित्रपटाला शहाणपण पुरवतात. 'नटोरियस'मधील लिओपोल्डीन कॉन्स्टंटिन यांची आई पलंगावर बसून सिगारेट पेटवते आणि मुलाच्या बायकोला विष देण्याचा बेत आखते, तेव्हा शत्रुपक्षाचे खरे नेतृत्व कोणाकडे आहे ते कळते. 'द बर्ड्स'मधील जेसिका टँडी यांनी शेजाऱ्याचे प्रेत पाहून धावत बाहेर येताना, आवाज न फुटणारा जो उघडा जबडा दाखवला आहे, तो पक्ष्यांपेक्षा भयानक आहे. अर्थात इथेही उद्योगाचे गणित दिसतेच: 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये कॅरी ग्रँट यांच्या आई झालेल्या जेसी रॉइस लँडिस त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठ्या होत्या, आणि 'व्हर्टिगो'च्या वेळी नायक एकोणपन्नास वर्षांचा तर नायिका चोवीस वर्षांची होती. आणि पडद्यामागे होत्या पत्नी आल्मा रेव्हिल, लग्नाआधीपासून संकलनात मुरलेल्या. मृत मॅरियनचा घसा किंचित हलला, हे 'सायको'च्या अखेरच्या तपासणीत इतर कोणाच्याच नव्हे, त्यांच्या लक्षात आल्याचे सांगितले जाते.

या पार्श्वभूमीवर माझी विनंती अशी की, हा विषय एका लेखावर न संपवता पुरवणीत यांपैकी तीन-चार अभिनेत्रींवर स्वतंत्र मजकूर द्यावा, आणि त्यात दिग्दर्शकाने काय करून घेतले यापेक्षा त्या अभिनेत्रीने कोणत्या दृश्यात नेमके काय केले यावर भर असावा.

शेवटी एक दुरुस्ती. लेखाच्या मध्यभागी छापलेल्या मोठ्या छायाचित्राखाली "'सायको'मध्ये किंचाळताना जॅनेट ली" असे लिहिले आहे. तळघरात, डोक्यावर लोंबत्या दिव्याखाली उभी असलेली ती अभिनेत्री जॅनेट ली नव्हे. चित्रपटात लींची मॅरियन त्याआधी कधीच मारली गेलेली असते. छायाचित्रात आहेत तिच्या बहिणीची, लायलाची भूमिका करणाऱ्या व्हेरा माइल्स. 'व्हर्टिगो'ची नायिका म्हणून हिचकॉक यांनी आधी निवडले होते ते यांनाच. गरोदरपणामुळे त्यांना ती भूमिका सोडावी लागली आणि ती नोव्हाक यांच्याकडे गेली. 'सायको'त, आधीच्या एका चित्रपटासाठी केस कापावे लागल्यामुळे, त्या टोप घालून वावरल्या आहेत. पुढील रविवारी त्यांच्या नावासह ही दुरुस्ती छापावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक